चौथ्या वचनातला ‘तू’

२०२१ च्या एप्रिल महिन्यात, कोरोनाच्या लाटेत, माझे पती नगरमधल्या एका रुग्णालयात अकरा दिवस ऑक्सिजनवर होते. त्यांच्या छातीच्या सिटी स्कॅनचा स्कोअर २५ पैकी १६ आला होता, आणि दाखल करून घेताना त्यांच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवरचा ८४ हा आकडा मी स्वतः पाहिला होता. चार्जर, टॉवेल, चष्मा आणि छोटा नवा करार (बायबलचा दुसरा भाग) एवढे एका पिशवीत घालून मी आत पाठवले आणि घरी परतले. त्यानंतर मला त्यांच्याजवळ जाता आले नाही. त्या रात्रींत मला जी भीती वाटली, तिच्याविषयी मी आजवर काही लिहिले नव्हते. ख्रिस्ती माणसाने भ्यायचे नसते अशी माझी लहानपणापासून समजूत होती, आणि मी तर फार भ्याले होते.

ती भीती मनापेक्षा अंगात अधिक होती. रात्री फोन वाजला की तळहात गार पडत, आणि फोन वाजला नाही तरी तो का वाजत नाही या विचाराने झोप लागत नसे. २१ एप्रिलला नाशिकच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून २२ रुग्ण दगावल्याची बातमी आली, तेव्हा मी टीव्ही बंद केला. पण आमच्या रुग्णालयातली टाकी किती भरलेली असेल, हा प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. त्याच आठवड्यात माझे धाकटे दीरही दुसऱ्या रुग्णालयात दाखल झाले. घरात मी, माझी मुलगी आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई, अशा आम्ही तिघीच उरलो.

मला प्रार्थना करता येत नव्हती, हे आज मोकळेपणाने सांगते. गुडघे टेकले की तोंडातून फक्त आकडे येत: ताप किती, ऑक्सिजन किती लिटर, इंजेक्शनाचे डोस किती राहिले. निर्बंधांमुळे चर्चचे दार बंद होते. पाळकसाहेब रोज संध्याकाळी फोनवरून सर्वांना जोडून घेऊन प्रार्थना करीत, त्यांचे शब्द मला ऐकू येत आणि तरीही आत पोहोचत नसत. मंडळीतल्या एका ताईंनी मायेनेच विचारले, “विश्वास आहे ना तुमचा? मग भीती कशी वाटते?” त्यांचा हेतू चांगला होता याविषयी मला शंका नाही, पण त्या प्रश्नाने भीतीच्या जोडीला अपराधीपणाही आणून बसवला. भीती वाटते म्हणून देव ऐकणार नाही, आणि देव ऐकणार नाही म्हणून अधिक भीती, अशा त्या फेऱ्यात मी दोन दिवस होते.

त्यातून मला बाहेर काढले ते सासूबाईंनी. त्यांना वाचता फारसे येत नाही. पण गावच्या शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, ऐकून ऐकून बायबलमधले तेविसावे स्तोत्र त्यांच्या तोंडी पक्के बसलेले आहे. चौथ्या रात्री दोनच्या सुमारास मी स्वयंपाकघरात नुसतीच उभी असताना त्या काठी टेकीत आल्या, मला खाली बसवले आणि म्हणाल्या, “म्हण माझ्याबरोबर.” परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, तो मला हिरव्यागार कुरणात बसवतो, तो मला संथ पाण्यावर नेतो, असे आम्ही म्हणत गेलो. चौथ्या वचनावर आलो आणि, हजार वेळा म्हटलेले असूनही कधी न दिसलेले, त्या रात्री मला दिसले. पहिल्या तीन वचनांत स्तोत्रकर्ता दावीद देवाविषयी बोलतो, तेथे देव ‘तो’ आहे. मृत्युच्छायेची दरी येते आणि त्याच वाक्यात ‘तो’ चा ‘तू’ होतो: “कारण तू माझ्याबरोबर आहेस.” कुरणात असताना देवाविषयी बोलणारा माणूस दरीत उतरल्यावर देवाशी बोलू लागतो. इतके दिवस मी देवाविषयी विचार करीत होते. तो ऐकेल का, तो रागावला असेल का, असे स्वतःलाच विचारीत होते. त्याला उद्देशून मी एक वाक्यही बोलले नव्हते. त्या रात्री बोलले. ते वाक्य सुंदर मुळीच नव्हते. “मला फार भीती वाटते, तू येथेच थांब,” एवढेच मी म्हणाले.

त्याच वचनात पुढे “तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात” असे आहे. आकडी म्हणजे काय, हे मी आईंना, म्हणजे सासूबाईंना, विचारले. आमच्या गावाकडे धनगरांचे वाडे रानात उतरत असत, ते पाहत त्या वाढलेल्या. त्या म्हणाल्या, “अगं, लांब बांबूला पुढे वाकडं लोखंड असतं. उंचावरची बाभळीची फांदी ती आकडीनं खाली ओढतात आणि मेंढरांपुढं धरतात. जिथं मेंढराचं तोंड पोचत नाही, तिथं धनगराचा हात पोचतो.” मूळ हिब्रू शब्दांचा अर्थ याहून थोडा वेगळा आहे, हे मी जाणते, एक शब्द सोट्याचा आहे आणि दुसरा टेकायच्या काठीचा. तरीही मराठी भाषांतरकारांनी निवडलेल्या त्या शब्दाने त्या रात्री माझ्यासाठी मोठे काम केले, कारण ज्या वॉर्डात माझा हात पोहोचत नव्हता तेथे कोणाचा पोहोचत असेल, हाच माझा प्रश्न होता.

भीतीबद्दलचा अपराधीपणा गेथशेमानेने, येशूने मरणाआधीच्या रात्री जेथे प्रार्थना केली त्या बागेच्या प्रसंगाने, दूर केला. येशू आपल्या तीन शिष्यांना जवळ घेऊन गेला, अत्यंत अस्वस्थ झाला, हा प्याला माझ्यापासून दूर कर असे पित्याला म्हणाला, आणि लूकच्या शुभवर्तमानात तर त्याचा घाम रक्ताच्या मोठ्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता असे लिहिले आहे. ज्याला आपण प्रभू म्हणतो त्याच्या अंगालाही घाम सुटला होता. त्याने तो लपवला नाही, आणि सोबतीला जागे राहा असे मित्रांना सांगताना त्याला संकोच वाटला नाही. मग माझे थंड पडलेले तळहात हा अविश्वासाचा पुरावा कसा ठरतो?

त्या दिवसांत मला पंडिता रमाबाईंची फार आठवण झाली. शाळेत असताना आम्हांला त्यांनी स्थापन केलेले केडगावचे मुक्ती मिशन पाहायला नेले होते. नगरशेजारचे केडगाव नव्हे, दौंड तालुक्यातले. रमाबाईंचे दुष्काळाच्या काळात आईवडील गेले, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती कॉलऱ्याने गेले, पदरात तान्ही मुलगी. पुढे १८९७ च्या सुमारास मध्य भारतात दुष्काळ पडला तेव्हा, जिने दुष्काळ स्वतःच्या घरात भोगला होता तीच बाई पुन्हा दुष्काळी मुलखात गेली आणि शेकडो मुलींना घेऊन आली. १९२१ मध्ये ती एकुलती एक मुलगी मनोरमाही गेली, आणि त्यानंतरचे अखेरचे महिने रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम पुरे करण्यात घालवले. त्यांना भीती वाटत नसेल असे मला वाटत नाही. भीतीच्या ठिकाणी पुन्हा जाण्याचे बळ मात्र त्यांना मिळत होते.

मला मिळालेले बळ त्यामानाने फारच लहान होते. सकाळी उठून डबा करणे, नर्सबाईंना फोनवर नीट प्रश्न विचारता येणे, मुलीसमोर खोटे न बोलता तिला जवळ घेणे. भीती गेली नाही. ती रोज रात्री येई आणि मी रोज रात्री ती त्याच वाक्यात देवाला सांगे.

२७ एप्रिलला माझे दीर गेले. दफनाला आम्हां घरच्यांपैकी दोघांनाच परवानगी मिळाली, पाळकसाहेब अंतर राखून उभे होते, आणि आईंना व्हिडिओ कॉलवर मातीच्या तीन मुठी पडताना पाहावे लागले. त्यानंतर चार दिवसांनी माझे पती घरी आले. एकाच घरात, एकाच आठवड्यात, एका मुलासाठी रडणाऱ्या आणि दुसऱ्याच्या तोंडात पेजेचा चमचा धरणाऱ्या आईंकडे पाहून, माझी प्रार्थना ऐकली गेली असे म्हणण्याची मला लाज वाटली. आमच्या जाऊबाईंनीही तितक्याच कळकळीने प्रार्थना केली होती. याचे उत्तर माझ्याजवळ नाही, आणि ज्यांच्याजवळ ते तयार असते त्यांच्याशी मी आता या विषयावर बोलत नाही. जाऊबाई मात्र अजूनही दर रविवारी माझ्या शेजारी बसतात, आणि स्तोत्राचे चौथे वचन आले की माझा हात धरतात.

गेल्या महिन्यात मंडळीतल्या एका तरुण मुलीचा रात्री साडेअकराला फोन आला. तिच्या वडिलांची दुसऱ्या दिवशी हृदयाची शस्त्रक्रिया होती. “काकू, मला खूप भीती वाटतेय,” ती म्हणाली, आणि लगेच “सॉरी” म्हणाली. मी तिला म्हणाले, “सॉरी कशाला? म्हण माझ्याबरोबर.” तीन वचने आम्ही दोघींनी मिळून म्हटली. चौथे तिचे तिला म्हणू दिले.