तुम्ही विचारलंत म्हणून : वैमानिक तेच तेच का बोलतात?

जळगावचा विमानतळ सुरू झाला, शिरपूरच्या बाजूला शिकाऊ विमानं दिसू लागली, तेव्हापासून हा विषय निघाला की दोन प्रश्न ठरलेले. पहिला : "भाऊ, त्या वैमानिक एकच बात दोनदोनदा काबर बोलतस?" दुसरा : "टॉवरमधला आपला, विमानातला आपला, मग हिंदी-मराठीत बोलायला काय होतं?" हसत हसत विचारतात. मला हसू येत नाही. आजवर तुटक उत्तरं दिली, आज नीट देतो.

ती पोपटपंची नाही. उतरायला आलेल्या विमानाला कंट्रोलर, म्हणजे टॉवरमधून सूचना देणारा माणूस, उंची देतो, दिशा देतो, वेग देतो, कोणत्या रनवेवर यायचं ते सांगतो, क्यूएनएच म्हणजे अल्टिमीटरला (उंची दाखवणाऱ्या यंत्राला) लावायचा हवेचा दाब सांगतो आणि शेवटी उतरायची परवानगी देतो. हे सगळं वैमानिकाने आकड्यासकट परत म्हणायचं आणि कंट्रोलरने कान देऊन ऐकायचं. नुसतं 'रॉजर' इथे चालत नाही. रॉजर म्हणजे 'ऐकलं', एवढंच. पावसाळ्यात क्यूएनएच 1002 असताना कुणी 1012 ऐकून लावला, तर दाबाच्या एका एककाला, म्हणजे हेक्टोपास्कलला, साधारण 27 फूट या हिशेबाने अल्टिमीटर पावणेतीनशे फूट जास्त दाखवेल. काटा सांगेल सगळं ठीक आहे, आणि विमान तेवढं खाली असेल. ढगात हे डोळ्यांना कळत नाही. चूक सापडली तर परत म्हटलेल्या आकड्यातच सापडते.

1989 मध्ये क्वालालंपूरला उतरणाऱ्या एका मालवाहू 747 ला 2400 फुटांवर यायला सांगितलं होतं. कंट्रोलर म्हणाला, "डिसेंड टू फोर झिरो झिरो." त्यातला 'टू' म्हणजे दोनाचा आकडा होता. विमानात तो 'पर्यंत' असा ऐकला गेला आणि ते 400 फुटांकडे निघालं. टेकडीवर आदळून चौघेही गेले. मराठीत लिहिताना दोन्ही 'टू' सारखेच दिसतात. कानालाही ते तसेच होते.

पण मला खरं सांगायचंय ते 25 जानेवारी 1990 च्या रात्रीबद्दल. कोलंबियाहून न्यूयॉर्कला निघालेलं एव्हियांकाचं बोइंग 707, उड्डाण क्रमांक 52. हवा खराब, विमानांची रांग लागलेली. तीन ठिकाणी मिळून त्याला सव्वा तासाहून जास्त आकाशात फिरवत ठेवलं. रेडिओवर सहवैमानिक बोलत होता. आम्हाला प्रायॉरिटी हवी, इंधन संपत आलंय, असं त्याने सांगितलं. पण ही माहिती पुढच्या कंट्रोलरपर्यंत पोचलीच नाही. पहिल्या प्रयत्नात रनवे दिसला नाही, विमान परत वर घ्यावं लागलं. कॅप्टनने सहवैमानिकाला स्पॅनिशमध्ये स्पष्ट सांगितलं : आपण इमर्जन्सीत आहोत असं त्यांना सांग. सहवैमानिक रेडिओवर बोलला, पण काय, तर पुन्हा एकदा प्रयत्न करतो, इंधन संपत आलंय. 'इमर्जन्सी' हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. कॅप्टनने विचारलं, सांगितलंस का? तो म्हणाला, हो सर, सांगितलं.

मग कंट्रोलरने विचारलं, तुम्हाला पंधरा मैल ईशान्येला नेऊन परत वळवतो, तुम्हाला आणि तुमच्या इंधनाला ते चालेल ना? उत्तर गेलं : "आय गेस सो, थँक यू व्हेरी मच." काही मिनिटांत एकेक करून चारही इंजिनं बंद पडली. लाँग आयलंडवरच्या कोव्ह नेक गावात विमान कोसळलं. 158 पैकी 73 माणसं गेली. आग म्हणावी तशी लागलीच नाही, कारण जळायला इंधन उरलं नव्हतं.

ते 'थँक यू' माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्याकडेही दवाखान्यात पेशंट अत्यवस्थ असताना नातेवाईक म्हणतात, "डॉक्टरसाहेब, जमलं तर जरा लवकर बघा." समोरच्याला त्रास नको, ही आपली रीत. कंट्रोलरला त्या रात्री इंधन कमी असलेली विमानं नवी नव्हती. 'मेडे' (संकटात असल्याची ठरलेली हाक) किंवा 'इमर्जन्सी' ऐकलं असतं तर त्याने बाकीची रांग बाजूला सारली असती. आता नियमाने दोन शब्द ठरलेत. 'मिनिमम फ्युएल' म्हणजे आणखी उशीर चालणार नाही, पण अजून संकट नाही. आणि 'मेडे मेडे मेडे फ्युएल' म्हणजे ठरवून राखलेल्या शेवटच्या इंधनाला हात लावूनच उतरणार. विनंतीचा सूर नाही, 'जमलं तर' नाही.

इथवर मी वर्षानुवर्षं ठासून बोलायचो : शब्द ठरलेला हवा आणि तो इंग्रजीतच हवा, कारण त्याच फ्रिक्वेन्सीवर मागचं विमानही ऐकत असतं. पण कॅप्टनने स्वतःच्या भाषेत अगदी अचूक शब्द उच्चारला होता, हे मी सांगायचं टाळायचो. तो शब्द हरवला स्पॅनिशमधून इंग्रजीत जाताना. फ्रान्समध्ये आजही फ्रेंच वैमानिकाशी फ्रेंचमध्येच बोलतात. तेव्हा तुमचा दुसरा प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता, हे मान्य.

आणि हरियाणातलं चरखी दादरी, जिथे दोन विमानं आकाशातच एकमेकांवर आदळली? 12 नोव्हेंबर 1996, 349 माणसं गेली. दिल्लीला उतरायला येणाऱ्या कझाक विमानाला 15,000 फुटांची उंची दिली होती. 15,000 ला पोचलो, असं त्यांनी कळवलंही. कंट्रोलरने समोरून सौदी विमान येतंय, 14,000 वर आहे, हेही सांगितलं. शब्द ठरलेले होते, आकडे बोलले गेले होते. तरी कझाक विमान खाली येत राहिलं. त्या विमानात रेडिओवर बोलणारा ऑपरेटर वेगळा, त्याच्यासमोर स्वतःचा अल्टिमीटरही नव्हता, वैमानिकांच्या खांद्यावरून डोकवावं लागायचं. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर विमानाची उंची दिसत नव्हती. कंट्रोलरला कानावरच विसंबावं लागलं, आणि कानावर आलेला आकडा बरोबर होता.

परत म्हटलेला आकडा चूक पकडतो, असं मी वर लिहिलंय. ते खोटं नाही. त्या संध्याकाळी मात्र तेवढ्याने काही पकडलं गेलं नाही.