कोड २१२४-४००७

तो मुलगा वेळेआधीच येऊन बसला होता. ग्रंथालयाच्या खालच्या मजल्यावर, जिन्याजवळच्या टेबलाशी, सॅक मांडीवर घेऊन. जागा मीच सुचवली होती. तिथे दिवसभर वर्दळ असते, कॅमेरे आहेत, भिंतीला प्लगपॉइंट आहे. आदल्या रात्री त्याने दोनदा जागा बदलून मागितली होती. "ताई, रात्री नऊला पार्किंगमध्ये भेटू ना, पाच मिनिटांचं तर काम." मी दोन्ही वेळा नाही म्हटलं. जुने गेमिंग कन्सोल घ्यायचे, दुरुस्त करायचे, पुन्हा विकायचे, यावरच माझं घर चालतं, आणि अनोळखी माणसाला अंधारात भेटायचं नाही हा नियम मी कुणासाठीच मोडत नाही. निघताना भावाला जागा, वेळ आणि जाहिरातीची लिंक पाठवते. तासाभरात माझा फोन आला नाही तर तो करतो.

वस्तू होती निन्टेन्डो स्विच, हातात धरून किंवा टीव्हीला जोडून खेळायचा कन्सोल, २०१७ च्या पहिल्या मॉडेलमधला. जाहिरातीत फक्त खोक्याचे फोटो होते, म्हणून मी त्याच्याकडून एक फोटो मागवला होता: कन्सोल चालू करायचा, शेजारी कागदावर माझं नाव आणि तारीख लिहायची. त्याने लगेच पाठवला. म्हणजे वस्तू खरोखर त्याच्या हातात होती. आगाऊ रक्कम त्याने मागितली नाही, मागितली असती तरी मी दिली नसती.

"रिसेट करूनच आणलाय ताई, एकदम कोरा," त्याने सॅकमधून कन्सोल काढत सांगितलं.

हे ऐकलं की मी जरा सावध होते. रिसेट करायला हवाच, पण तपासणी झाल्यावर, दोघांच्या समोर. आधीच कोरा केलेला कन्सोल मागचं काहीच बोलत नाही. कुणाचं खातं होतं, किती दिवस खेळला गेला, सगळं पुसलेलं. आणि घाईत रिसेट करणाऱ्यांना एक ठाऊक नसतं, की स्विचवरचा खेळलेला डेटा मेमरी कार्डात नाही, आतल्या मेमरीत साठतो. कार्ड काढून ठेवलं की सगळं वाचलं, असं समजून लोक वर्षांचा खेळ घालवून बसतात.

मी नेहमीच्या क्रमाने सुरुवात केली. खाली चार्जिंग पोर्टजवळच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर आणि सेटिंग्जमधला नंबर ताडून पाहिला. जुळला. खोक्यावरचाही जुळला. कॅलिब्रेशनच्या, म्हणजे स्टिक जुळवायच्या स्क्रीनवर अंगठ्याने फिरवायच्या दोन्ही स्टिक गोल फिरवून सोडल्या, ठिपका मधोमध येऊन थांबला. जॉय-कॉन, म्हणजे दोन्ही कडांचे सुटे कंट्रोलर, काढून परत सरकवले, खटका नीट बसला. माझं एक गेमचं कार्ट्रिज घातलं, गेम उघडला. मेमरी कार्ड वाचलं. माझ्या पॉवर बँकेवर चार्जिंग चालू झालं. पडद्यावर पांढरा रंग आणून टॉर्च तिरपी धरली, एक बारीक ओरखडा सोडला तर पडदा स्वच्छ.

मुलगा सारखं घड्याळ बघत होता. "झालं ना ताई? मला जरा घाई आहे."

मी मागची बाजू वर केली. या कन्सोलच्या पाठीला चार कोपऱ्यांत चार स्क्रू असतात, इंग्रजी वायसारख्या तीन पाकळ्यांच्या खाचेचे. घरातला साधा स्क्रूड्रायव्हर त्याला लागत नाही, आणि लावायला गेलं की खाच झिजते. तीन स्क्रू जसेच्या तसे होते. खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या स्क्रूच्या पाकळ्या मात्र गोल झाल्या होत्या, कडेला धातूची चकाकी दिसत होती. कुणीतरी तो चुकीच्या हत्याराने उघडला होता. त्यावरून लगेच काही ठरत नाही. बॅटरी बदलायला, पंखा साफ करायलाही लोक उघडतात, मी रोज उघडते.

"हा उघडलाय का कधी?"

"मी नाही," तो म्हणाला. 'मी'वर किंचित जास्त जोर होता.

मी फोनचं हॉटस्पॉट लावलं. कनेक्शन टेस्ट यशस्वी झाली. सिस्टम अपडेटही उतरायला लागलं. फसतात ते बहुतेक इथेच. इंटरनेट चालतंय, अपडेट येतंय, मग अडचण कसली? पण कंपनीने बंदी घातलेला स्विचही वायफायला जोडला जातो आणि अपडेटही घेतो. बंद असते ती कंपनीच्या ऑनलाइन सेवांची दारं, आणि ती ठोठावल्याशिवाय कळत नाही. चाचणीसाठी मी एक वेगळं, रिकामं खातं ठेवलंय. ईशॉप, म्हणजे कंपनीचं ऑनलाइन गेमचं दुकान, त्याच्या नारिंगी पिशवीच्या चिन्हावर बोट टेकवलं आणि पुढे पुढे जात राहिले.

काळ्या पडद्यावर पांढरी चौकट आली. २१२४-४००७. या कन्सोलवर ऑनलाइन सेवा वापरण्यास मर्यादा घातली आहे.

मी मुलाकडे पाहिलं. तो चकित झालेला नव्हता.

"तुमचं नेट स्लो असेल," तो म्हणाला, पण आवाज पार उतरला होता. मी म्हटलं, तुझं हॉटस्पॉट लाव. त्याने लावलं. तोच कोड. त्यानंतर बराच वेळ तो बोलला नाही, सॅकची चेन उघडत-मिटत राहिला.

मग सांगायला लागला. दोन महिन्यांपूर्वी त्याने हा ऑनलाइन बघूनच घेतला होता. रात्री, एका पार्किंगमध्ये, पाच मिनिटांत. गेम चालू झाला, पैसे दिले. घरी जाऊन मित्रांबरोबर खेळायला गेला तर हाच कोड. विकणाऱ्याचं खातं दुसऱ्या दिवशी गायब. म्हणजे मला सुचवलेली जागा, वेळ, घाई, सगळं त्याच्यावर जसं गुदरलं तसंच त्याने माझ्यापुढे मांडलं होतं.

"रिसेट करून बघितलं, नवीन खातं काढलं, काहीच झालं नाही."

होणारच नव्हतं. ही बंदी खात्यावर नसते. प्रत्येक कन्सोलच्या आत त्याची स्वतःची ओळख कोरलेली असते आणि बंदी त्या ओळखीवर लागते. या पहिल्या स्विचच्या चिपमधली एक त्रुटी २०१८ मध्ये उघडी पडली. तिचा फायदा घेऊन लोकांनी पायरेटेड गेम चालवले आणि बरेच कन्सोल बंदीत गेले. नंतरच्या मॉडेलमध्ये त्यासाठी आत वेगळी चिप डकवावी लागते, यात तीही लागत नाही. म्हणून बाहेरून काहीच दिसत नाही, आणि हेच मॉडेल मी सगळ्यात जास्त वेळ तपासते.

"मग माझं नुकसान कोण भरून देणार?" त्याने विचारलं. रागाने नाही, अगदी खरंच विचारलं.

मला पटकन बोलता आलं नाही. धंद्याच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे एक कन्सोल आला होता, एचडीएमआय पोर्ट सैल झालेला. केबल विशिष्ट कोनात धरली की चित्र यायचं. मीही तो फसून घेतला होता. त्याच कोनात केबल ठेवून मी तो एका गृहस्थांना दाखवला आणि विकला. दुसऱ्या दिवशी त्यांचे सात फोन आले. मी एकही उचलला नाही. तो नंबर मी अजून फोनमधून काढलेला नाही.

हे मी त्याला सांगितलं. कुणाला सांगायची ही पहिलीच वेळ होती.

मग त्याला दोन वाटा सांगितल्या. पडदा, बॅटरी, जॉय-कॉन, टीव्हीला जोडायचा डॉक सगळं चांगलं होतं, सुट्या भागांच्या भावाने मी आत्ता घेते. किंवा त्याने स्वतः विकावा, पण बंदीचं स्पष्ट लिहून. कार्ट्रिजवरचे बहुतेक गेम यात ऑनलाइन न जाता चालतात, प्रवासासाठी किंवा लहान मुलांसाठी असा कन्सोल जाणूनबुजून घेणारे असतात. भाव कमी येतो, पण गिऱ्हाईक मिळतं. सुट्या भागांचा आकडा ऐकून त्याचं तोंड पडलं. "बघतो ताई," म्हणाला. कन्सोल सॅकमध्ये ठेवला आणि जिन्याकडे गेला. चालताना मागे वळून पाहिलं नाही.

भावाला फोन करून सांगितलं, व्यवहार झाला नाही, मी ठीक आहे.

संध्याकाळी त्या मुलाची जाहिरात बघितली. होती तशीच होती, 'एकदम चालू स्थितीत' हे शब्दसुद्धा. मला वाईट वाटलं. तक्रार करावी का, म्हणून बोट थांबलं, मग त्याला रात्रीपर्यंतचा वेळ द्यायचं ठरवलं.

साडेदहाला त्याचा मेसेज आला. "ताई, तो कोड जाहिरातीत कसा लिहू? लोकांना कळेल असा."

मी लिहून पाठवलं: 'ऑनलाइन बंदी आहे, ईशॉप उघडताना कोड २१२४-४००७ येतो. ऑनलाइन खेळता येणार नाही, गेम उतरवता येणार नाहीत. कार्ट्रिजवरचे गेम चालतात. एक स्क्रू झिजलेला आहे, आधी उघडलेला आहे. भेटल्यावर हवा तितका वेळ तपासून घ्या.'