तुम्ही विचारलंत म्हणून: राज्य होळकरांचं, मग बाजार आपला का नाही?

पुण्या-मुंबईचे पाहुणे रात्री आमच्या इंदूरच्या सराफ्यात पोटभर खाऊन घरी आले की हमखास विचारतात, "राज्य होळकरांचं होतं ना? मग दुकानांवर मराठी नावं का दिसत नाहीत?" पाठोपाठ निष्कर्षही येतो, की मराठी माणसाला धंदा जमत नाही. तो मला मुळीच मान्य नाही.

माझे आजोबा होळकरांच्या महसूल दफ्तरात कारकून होते. पगार ठरलेला, पुढे पेन्शन. त्यामुळे आमच्या घरात मुलांचं अक्षर घोटून घेतलं जायचं, हिशेब चोख करवून घेतला जायचा. हिशेब दुसऱ्याच्या पैशाचा.

१८१८च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांच्या लढाया संपल्या आणि इंदूर राजधानी झाली. त्या काळी माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जायची. तो पैसा खेळत होता मारवाडी-जैन पेढ्यांवर. अफूमागून कापूस आला, कापसामागून गिरण्या. गिरणीमालक सेठ हुकुमचंदांना लोक 'कॉटन किंग' म्हणत. दरबारकडे पैसा नव्हता असं नाही. खंडवा-इंदूर रेल्वेसाठी दुसऱ्या तुकोजीरावांनी इंग्रजांना १ कोटी रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्क्यांनी, १०१ वर्षांसाठी! पण त्या गाडीतून माल गेला तो पेढीवाल्यांचा. आम्ही दरबाराच्या पगारावर होतो.

आणि तो पगार नुसता कारकुनांना नव्हता. सी. के. नायडू होळकरांच्या फौजेत अधिकारी होते आणि क्रिकेट खेळत होते. होळकर संघानं चार वेळा रणजी करंडक जिंकला, त्याचा अभिमान मला आजही आहे. पण १९४८ला संस्थान मध्य भारत राज्यात विलीन झालं, आणि १९५४-५५च्या हंगामानंतर तो संघही उरला नाही. १९५६ला राजधानी भोपाळला गेली. आजोबांचं दफ्तरही गेलं. पेढ्या कुठेच गेल्या नाहीत, त्यांना कुणाच्या हुकमाची गरज नव्हती.

गेल्या वर्षी माझ्या भाच्यानं इथल्या सियागंज बाजारात दुकान घेतलं. उद्घाटनाला आम्ही सगळे होतो. आई मात्र अजूनही विचारते, "अरे, पण म्हातारपणी पेन्शन कोण देणार?"