१८० चं होल आणि १८४ चं कास्टिंग

मी नाशिकला अंबडमध्ये एका छोट्या टूलरूममध्ये डिझाइन बघतो, सगळे मिळून आम्ही अकरा जण, जिग-फिक्स्चर, म्हणजे मशीनवर जॉब जागेवर धरून ठेवणारी साधनं बनवतो, मध्येच एखादी डाय येते. राहायला सिडकोत पवननगरला. कस्टमरचे फोन नेमके संध्याकाळी सातनंतर येतात आणि मग घरच्या कॉम्प्युटरवर बसावंच लागतं. तीन वर्षं माझं सगळं काम पेनड्राइव्हवरून ये-जा करत होतं आणि कधी काही बिघडलं नव्हतं, म्हणून त्याचा विचारच केला नव्हता.

त्या दिवशी रात्री आठला फोन आला, की कास्टिंगमधल्या, म्हणजे ओतीव भागातल्या, दोन लोकेटिंग होलचं (ज्यात फिक्स्चरच्या पिना बसतात) अंतर १८० मिलिमीटर नाही, १८४ धरा, सकाळी जॉब लावा. मी पेनड्राइव्ह लावला, ऑटोकॅड उघडलं, रिसेंटमध्ये पहिलीच फाइल दिसली त्यावर क्लिक केलं, बदल केला, रिव्हिजन दोनची तीन केली, सेव्ह करून पेनड्राइव्ह काढून बॅगेत टाकला. आता झालं असं की रिसेंटमधली ती फाइल पेनड्राइव्हवरची नव्हतीच, डी ड्राइव्हवर आठवड्यापूर्वी कॉपी करून ठेवलेली होती. नाव तेच, फोल्डर तोच, त्यामुळे शंका यायला काही कारणच नाही.

सकाळी पेनड्राइव्हवरून प्रिंट काढली, टूलपाथ, म्हणजे मशीनचं टूल कसं फिरणार ते, काढला आणि व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर दिला. प्रिंटच्या कोपऱ्यात रिव्हिजनच्या चौकोनात दोन छापलं होतं. ते मी बघितलं नाही.

एक वाजेपर्यंत प्लेट झाली, ४५० बाय ३००, ३२ जाडीची, पिना पण ठोकून झाल्या, एक गोल आणि एक डायमंड. तीनला कस्टमरचा माणूस कास्टिंग घेऊन आला. गोल पिनवर बसलं आणि डायमंड पिनकडे तिरपं उभं राहिलं. आमचे नाना, चाळीस वर्षं फिटर आहेत, त्यांनी व्हर्निअर लावलं आणि मला हात केला, "इकडं ये रे, हे बघ, एकशेऐंशी भरतंय." माझ्या पोटात गोळाच आला. मी म्हणत होतो की नाही नाना, मी स्वतः बदललंय काल, आणि समोर १२ चं रीमर मारलेलं होल १८० वरच होतं.

चार मिलिमीटर सरकवायचं म्हणजे शेजारी नवीन होल मारता येत नाही, जुन्यातच घुसतं. नवीन प्लेट करायची तर मटेरियल आणि पूर्ण दिवस. नानांनी खडूने प्लेटवरच काढून दाखवलं. नवीन सेंटर १८४ ला, तिथून जुन्या होलची लांबची कड चार अधिक सहा म्हणजे १० वर येते, मग नवीन सेंटरवर २२ चं बोअर केलं की ११ ची त्रिज्या होते आणि जुनं होल पूर्ण खाल्लं जातं. त्यात २२ चं बुश, म्हणजे पोकळ गोल तुकडा, प्रेस करायचं, आतून १२ चं होल. रात्री साडेनऊला फिक्स्चर गेलं. शेठ एक शब्द बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

घरी येऊन दोन्ही फाइली शेजारी उघडल्या तेव्हा अजून एक गोष्ट कळली. घरच्या फाइलीत १८४ होतं पण आठवडाभरात क्लॅम्पच्या स्लॉटमध्ये केलेले बदल नव्हते, आणि पेनड्राइव्हवर स्लॉट बरोबर होते पण १८० होतं. म्हणजे पूर्ण बरोबर अशी एकही कॉपी कुठेच नव्हती. याच्यावर मी खरं हादरलो, प्लेटपेक्षा जास्त.

मग उपाय शोधायला लागलो. आमचा डेटा ६० जीबीच्या आसपास. गुगल ड्राइव्ह फुकटात १५ जीबी देतं आणि त्यातच जीमेल आणि फोटो पण, वनड्राइव्ह ५, ड्रॉपबॉक्स २. दर महिन्याला पैसे भरायला शेठ तयार नव्हते, आणि कस्टमरची ड्रॉइंग बाहेरच्या सर्व्हरवर ठेवायची नाहीत असं आम्ही लिहून दिलेलं आहे. शेवटी सिंकथिंग लावलं, म्हणजे दोन-तीन कॉम्प्युटरवरचं एकच फोल्डर आपोआप सारखं ठेवणारं (सिंक करणारं) सॉफ्टवेअर. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, फाइल एका कॉम्प्युटरवरून थेट दुसऱ्यावर जाते, मध्ये कुणाकडे साठत नाही. प्रत्येक मशीनचा एक लांबलचक आयडी असतो, तो एकमेकांना दिला की झालं.

पण यात एक मेख आहे. दोन्ही मशीन एकाच वेळी चालू पाहिजेत, नाहीतर सिंक होणार कसं? ऑफिसचा कॉम्प्युटर सातला बंद होतो आणि मी घरी आठला बसतो. म्हणून स्क्रीन फुटलेला एक जुना लॅपटॉप ऑफिसच्या कपाटावर कायम चालू ठेवला, लाइट गेली तरी त्याची बॅटरी थोडा वेळ तग धरते, राउटरला छोटा यूपीएस आधीपासून होताच. खर्च म्हणाल तर फक्त चार्जर नवीन घेतला. घरून सेव्ह केलं की या लॅपटॉपवर येतं आणि सकाळी ऑफिसचा पीसी चालू झाला की तो उचलून घेतो.

सिंक म्हणजे बॅकअप नाही हे मात्र नीट समजून घ्या. घरी चुकून फाइल उडवली तर ती सगळीकडून उडते. त्यासाठी व्हर्जनिंग असतं आणि ते आपोआप चालू नसतं, आपणच चालू करायचं. शिवाय ते बाहेरून आलेल्या बदलांचीच जुनी कॉपी ठेवतं, स्वतःच्या मशीनवर केलेल्या बदलांची नाही, म्हणून मी ते कपाटावरच्या लॅपटॉपवर लावलंय, तिथं सगळं बाहेरूनच येतं. ऑटोकॅडच्या लॉक फाइली आणि बॅक फाइली इग्नोर लिस्टमध्ये टाकल्या, नाहीतर त्या उगाच इकडून तिकडे फिरत बसतात.

दोन महिन्यांनी एकदा घरचं इंटरनेट बंद होतं आणि एकच ड्रॉइंग दोन्हीकडे बदललं गेलं. सकाळी फोल्डरमध्ये एकाऐवजी दोन फाइली, दुसरीच्या नावात सिंक कॉन्फ्लिक्ट आणि तारीख-वेळ. मी दोन्ही उघडून एकावर एक ठेवल्या, फरक शोधला, नवी रिव्हिजन टाकली आणि मगच प्रिंट दिली. नानांनी ती हातात घेतली आणि आधी कोपऱ्यातला चौकोन बघितला.