पलंगाखालचे ठोकळे

गेल्या मंगळवारी घरी एक बाई आल्या, पर्समधून टेप काढली आणि आमचा पलंग मोजला. "पन्नाससुद्धा नाही. 80 सेंटिमीटरच्या आसपास हवा."

मला आठवा लागलाय. नेदरलँड्समध्ये, आइंडहोव्हनला, येऊन चार महिने झाले. इथे बाळंतपणानंतर आठ-दहा दिवस घरी शिकलेली मदतनीस येते. ह्या सेवेला क्रामझोर्ख म्हणतात. टाके बघणं, बाळाचं वजन, अंघोळ, अंगावर पाजायला शिकवणं, सगळं ती करते. खर्च बहुतेक विम्यातून. ऐकून मी खूश होते. पण पलंग उंच कशाला? तर वाकून वाकून तिची कंबर धरू नये म्हणून. पलंग उंच नसेल तर ती काम नाकारू शकते म्हणे.

मला राग आला. बाळंतीण मी, टाके मला, आणि काळजी कंबरेची, तीही तिच्या! आधीच पहिल्या भेटीत सुईणीने विचारलं होतं, "घरी की हॉस्पिटलमध्ये?" तेव्हापासून मी धास्तावलेलीच आहे. इथे सगळं सुरळीत असेल तर डॉक्टर लागतच नाही, चार वर्षं शिकलेली सुईण बाळंतपण करते. हॉस्पिटलमध्ये गेलात तरी काही तासांत घरी. बडोद्याला वहिनीला तीन दिवस ठेवलं होतं, तेही आम्हाला कमी वाटले होते.

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अगं, तुझ्या वेळी दांडिया बाजारच्या घरात माझीही खाट विटांवर चढवली होती. खाली शेगडी ठेवायची होती ना." मग तिला धुरीची काळजी लागली. इथे 2022 पासून घराच्या प्रत्येक मजल्यावर धुराचा अलार्म सक्तीचा आहे. निखाऱ्यावर ओवा-शेपा टाकायची सोयच नाही. हे मला फार लागलं. बाळाच्या बिछान्यात गरम पाण्याच्या धातूच्या बाटल्या ठेवतात इथे, म्हणजे उबेचं महत्त्व त्यांनाही कळतं. पण तो वास कुठून आणू?

फोन ठेवला आणि वहिनीच्या मालीशवाल्या मावशी आठवल्या. जमिनीवर पाय लांब करून बसायच्या, बाळ पायांवर पालथं. उठताना एक हात गुडघ्यावर, दुसरा भिंतीला. न्हाणीच्या भिंतीवर त्या जागी तेलकट पंजा उमटला होता, दिवाळीत रंग दिला तेव्हा गेला. दिवसाला चार घरं करायच्या. आम्ही साडी दिली, पैसे दिले, मान दिला. कंबर दुखते का, हे विचारलं नाही. मीही नाही.

तरी सगळंच इथलं थोर असंही नाही. आपल्याकडे 2017 पासून नोकरदार बाईला 26 आठवडे रजा आहे, इथे 16. शेजारणीला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना, आणि मला फार बरं वाटलं. मावशींसारख्यांना त्यातलं काहीच मिळत नाही, हे मात्र तिला सांगितलं नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी का नाही, असं बडोद्याहून रोज कोणीतरी विचारतं. नवऱ्याला इथे एक आठवडा आणि वर पाच आठवडे रजा मिळते. मी तिकडे आले असते तर त्याला बाळ नुसतं फोनवर दिसलं असतं. मला ते नको होतं. शिवाय आई येतेच आहे. व्हिसा 90 दिवसांचा, सव्वा महिना त्यात सहज बसतो. बडोद्याच्या मांडवीतून सुवा, म्हणजे आपला बाळंतशेपा, आणि बत्रीसुं, म्हणजे बाळंतिणीचं बत्तीस औषधींचं चूर्ण, आणून ठेवलंय तिने. इथेही बाळ झालं की टोस्टवर साखरेत घोळवलेली बडीशेपेच्या जातीची बी घालून देतात, मुलीला गुलाबी-पांढरी, मुलाला निळी-पांढरी. सुवा कशाला, हे इथे कोणाला समजावावं लागणार नाही.

काल ठोकळे आले. नवऱ्याने पलंगाच्या चारी पायांखाली लावले. आता मला चढायला स्टूल लागतं.

बाळाला आपणच पायांवर घेऊन न्हाऊ घालणार, असं आईने ठरवलंय. तिचे गुडघे मला माहीत आहेत. बाथरूमच्या भिंतीला धरायला दांडा बसवायचाय. घर भाड्याचं, म्हणून मालकाला विचारलं. तो हो म्हणाला.