रूपकाची सम आणि सबवूफर

मी पुण्यात साउंडची कामं घेतो. कीर्तन, ऑर्केस्ट्रा, शाळांची गॅदरिंग, सगळं. एरंडवण्यातल्या एका छोट्या हॉलचं काम आलं तेव्हा फोनवरची मुलगी म्हणाली, "काका, माइक एकच लागेल. प्रोजेक्टर मात्र चांगला हवा." म्हटलं, कुणाच्या तरी एकसष्टीचे फोटो दाखवणार असतील.

आली तर एकटीच, पाठीवर लॅपटॉपची सॅक. चार्जर लावला की स्पीकरमधून हम, म्हणजे घुमल्यासारखी गुणगुण, यायची. लॅपटॉप मिक्सरला जोडणाऱ्या डबीवर, डीआय बॉक्सवर, ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलं, हम गेला. माझ्या ओळखीचं काम तिथेच संपलं.

ती संगीतासाठी स्ट्रूडेल नावाचा प्रोग्राम वापरते. ब्राउझरमध्येच चालतं. कोड लिहायचा, कंट्रोल-एंटर दाबायचं, संगीत न थांबता बदलतं. आणि लिहिलेलं सगळं मागच्या पडद्यावर लोकांना दिसलंच पाहिजे. 2004 साली हॅम्बुर्गमध्ये असं लोकांसमोर कोड लिहून वाजवणाऱ्यांची टॉपलॅप नावाची मंडळी उभी राहिली, तेव्हापासून हा दंडक. "शिकलीस कुठे?" विचारलं, तर म्हणाली, "क्लास नाही लावला, काका. लोक आपापल्या पॅटर्नच्या लिंक टाकतात. उघडायची, एखादा आकडा बदलायचा, काय होतं ते ऐकायचं. आपलं बरं जमलं की आपणही टाकायची."

त्या हॉलच्या वरच्या मजल्यावर तबल्याचा क्लास चालतो. क्लास सुटल्यावर गुरुजी जिना उतरता उतरता आत डोकावले आणि माझ्या मिक्सरपाशी उभे राहिले. पडद्यावर रूपक ताल चालला होता. ओळीत सात शब्द, सात मात्रा, तबल्याचे आवाज, खाली सिंथचा सूर. पहिल्याच मात्रेवर तिने किक ड्रम ठेवला होता. डान्स म्युझिकची सवय, दुसरं काय. माझे सबवूफर दर आवर्तनाला दणकत होते आणि पोरं खूश होती.

गुरुजींना कोडमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण सात शब्द मोजता येत होते, आणि पहिल्या शब्दाशी दणका बसतोय हे दिसत होतं. ते सरळ मोठ्याने म्हणाले, "अगं, समेवर घुमका कशाला घातलास? रूपकात सम खाली असते!" सम म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, आणि खाली म्हणजे जिथे टाळी नसते, हात उलटा करतात ती.

भर मैफलीत कलाकाराला असं कुणी बोललं तर काय होतं ते मी पाहिलंय. हिने मात्र मानही वर केली नाही. पहिल्या घरातली किक पुसली, तिथे रिकामी जागा ठेवली, आणि किक चौथ्या-सहाव्या मात्रेवर नेली, जिथे ठेक्यात 'धी' येतो. कंट्रोल-एंटर. पुढच्या समेला माझ्या मिक्सरवरचा मीटर एकदम खाली बसला. नाचणारे अडखळले, दोन-चार आवर्तनं चाचपडले, मग त्यांना चौथी मात्रा सापडली.

नंतर चहा घेताना ती गुरुजींना सांगत होती. 1980 च्या दशकात जेम्स किपन आणि बर्नार्ड बेल यांनी बोल प्रोसेसर नावाचा प्रोग्राम केला. संगणक लखनौच्या तबल्यातल्या कायद्याचे, म्हणजे बोलांच्या एका ठरलेल्या रचनेचे, पलटे (फेरफार) काढायचा आणि तबलानवाज उस्ताद आफाक हुसेन खाँ त्याला बरोबर-चूक सांगायचे. अ‍ॅलेक्स मॅक्लेनने टायडल सायकल्स हा कोडने संगीत वाजवायचा प्रोग्राम रचला तेव्हा ताल लिहायची पद्धत ठरवताना बोल प्रोसेसर त्याच्यासमोर होता. स्ट्रूडेल म्हणजे त्याच टायडलचं ब्राउझरातलं रूप. हेच बेल पुढे पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांच्याबरोबर जात्यावरच्या ओव्यांच्या कामात होते. गुरुजी म्हणाले, "बरं. मग एवढ्या सगळ्यांत खाली कुणालाच आठवली नाही?"

(माझं बिल तिने त्याच रात्री चुकतं केलं. या धंद्यात ही बातमी आहे.)

सुधारलेल्या रूपकाची लिंकही तिने लगेच टाकली. बाहेरच्या कुणीतरी विचारलं, पहिली मात्रा रिकामी, तर आवर्तन सुरू झालं हे कळतं कसं? तिने प्रश्न मला पाठवला, मी गुरुजींकडे नेला. मी फोनवर रेकॉर्डर सुरू करायला लागलो तर म्हणाले, "टाळी ऐकू येईल हो, हात उलटा केलेला कसा ऐकू येणार? व्हिडिओ घ्या." समेला हात उलटा, चौथीला टाळी, सहावीला टाळी, तोंडाने ती ती ना, धी ना, धी ना. झाल्यावर बघितला आणि पुन्हा काढायला लावला. म्हणाले, शेवटी लय वाढलीय, असला बाहेर पाठवू नका.