औषधं राहू द्या, बादल्या द्या

खडकवासल्यातून विसर्ग वाढला की माझा फोन वाजायला लागतो. "ताई, सोसायटीनं पूरग्रस्तांसाठी औषधं गोळा केलीत, कुठं आणून देऊ?" आरोग्य खात्यातून निवृत्त झाले, पण या प्रश्नातून काही सुटका नाही. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. औषधं राहू द्या, झाकणाच्या आणि तोटीच्या बादल्या द्या.

माणसं खट्टू होतात. बादलीत कसली आलीय सेवा!

मुठेकाठची एक वस्ती शाळेत हलवली, तेव्हा तिथं माझी ड्युटी होती. औषधांच्या खोक्यांनी एक अख्खा वर्ग अडला होता. अर्ध्या कापलेल्या पट्ट्या, कुणाच्या तरी आजोबांच्या बीपीच्या गोळ्या. टँकरच्या पाण्याची ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीनची तपासणी, घेतली, छान पिवळा रंग आला, म्हणजे जंतू मारणारं क्लोरीन पाण्यात होतं. दुपारी वर्गातल्या पातेल्यातलं तेच पाणी तपासलं तर रंगच नाही. उघडं पातेलं, त्यात दिवसभर तांबे आणि पोरांचे हात. टँकरनं आणलेली शुद्धता तिथंच संपली.

१९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून तोटीच्या पिंपांत भरलं आणि पाजायचं काम नातेवाइकांवर सोपवलं. शेकडा तीसच्या घरातले मृत्यू चारच्या आत आले. तिथंही तोटीच!

छावणीत माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी आणि २० जणांमागे एक संडास, असं जागतिक मानक आहे. आमच्याकडे दीडशे माणसांना चार, तेही पहिलीच्या पोरांच्या मापाचे, दिव्याविना. बायकांनी संध्याकाळनंतर पाणी पिणंच सोडलं. एक आजी म्हणाल्या, "प्यायलं की जावं लागतं गं, अंधारात कुणाला उठवू?" मी वरिष्ठांकडे बल्ब मागितला. औषधांचं आणखी एक खोकं आलं.

गोवराची लस मात्र अशा गर्दीत खरंच तातडीची असते, पण ती सरकारी शीतपेटीतूनच यायला हवी. तुमच्या डिकीतून नको.

आणि हो, बादल्या दहा लिटरच्या बघा. वीसची भरली की आजींना उचलत नाही.